ज्योतीराम मास्तरची पौर्णिमा

चिंचवड-पिंपरीकडे कॅथलिकांची जी पंचवीस-तीस घरं होती, त्यांत जन्म, लग्न, मयत, काहीही ज्योतीराम मास्तरवाचून अडायचं. माणूस मूळचा संगमनेरकडचा. लढाईच्या काळात देहूरोडच्या डेपोत हमालीला लागला आणि हळूहळू आपल्या लोकांचा धर्मशिक्षणाचा मास्तर झाला. फादर पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे, मिस्सेची उपासना करून परत जायचे. बाकीचे रविवार मास्तरचे. स्टेशनजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो प्रार्थना चालवायचा आणि नंतर पोरांचा वर्ग घ्यायचा. वर्ग म्हणजे प्रश्नोत्तरं. त्यानं विचारायचं, पोरांनी एका सुरात म्हणायचं, कुणी अडखळलं की छडी जमिनीवर आपटायची. 'मास्तर' ही हाक रस्त्यात कानावर आली की त्याची छाती दोन बोटं फुगायची, आणि आठवडाभर पोती उचलायला ते बळ पुरायचं.

चोपन्न सालच्या सुरुवातीला पिंपरीला औषधांच्या कारखान्याची आखणी सुरू झाली आणि तिथं ओव्हरसियर म्हणून यशवंतराव आला. वय तिशीच्या आत, इस्त्रीचा सदरा, कॉलेजात शिकलेला, आणि मास्तरच्या दुर्दैवानं कॅथलिक.

पहिल्या रविवारी तो गुमान मागं बसला. दुसऱ्या रविवारी फादर आले होते. त्यांनीच कौतुकानं त्याला पोरांपुढं उभं केलं. यशवंतरावानं रद्दी कागद वाटले आणि सांगितलं, "हवा तसा त्रिकोण फाडा. लांबडा, बुटका, तिरपागडा, कसाही." पोरांनी फाडले. मग म्हणाला, "आता त्याचे तिन्ही कोपरे तोडा आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा." सोळा पोरांचे सोळा तऱ्हेचे त्रिकोण, पण प्रत्येकाच्या तीन कोपऱ्यांची मिळून खालची कड सरळ रेघ झाली.

"पिंपरीच्या माळावर मी दुर्बिणीतून जमीन मोजतो तेव्हा हेच येतं," यशवंतराव म्हणाला. "रोममध्ये हेच. माणूस जन्माला यायच्या आधीही हेच होतं. आपण कुणी हे ठरवलं नाही. मग ठरवलं कुणी?"

पोरं गप्प झाली. छडी न आपटता सोळा पोरं अशी गप्प झालेली मास्तरनं जन्मात पाहिली नव्हती. मग एक चिमुरडी हळूच म्हणाली, "देवानं." हेच उत्तर ती दर रविवारी मास्तरला द्यायची, पण तिचा आवाज असा कधी लागला नव्हता.

मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात जाता जाता फादरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, पोरांचा वर्ग यापुढं कोणी घ्यायचा ते ईस्टर झाल्यावर ठरवू." एवढंच बोलले. पण एवढ्यानं मास्तरला जी धास्ती लागली, ती ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीसही दिवस गेली नाही.

घरी येऊन त्यानं कागद फाडायला घेतले. एखादा तरी त्रिकोण लबाड निघेल, त्याची रेघ वाकडी येईल, आणि तो आपण फादरांच्या हातात ठेवू, असा त्याचा बेत. सुईसारखा निमुळता त्रिकोण केला, रेघ सरळ. पसरट केला, सरळ. घरभर कागदाचे कपटे झाले.

"काय चाललंय ह्ये?" बायको सुभद्राबाई झाडू घेऊन उभी राहिली. "वय काय, करताय काय?"

"परीक्षा घ्यायलोय."

"कुणाची?"

मास्तरला त्या पोराची, असं म्हणायचं होतं. पण कोपरे काही त्या पोराचे नव्हते. तो चिडून पाणी प्यायला उठला.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी यशवंतराव पुन्हा बोलला. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते ते त्यानं सांगितलं. एकवीस मार्चपासूनची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर त्याच्या पुढचा रविवार. "म्हणजे आपला सण कुठल्या राजाच्या हुकमावर नाही," तो म्हणाला. "चंद्र-सूर्याच्या हिशोबावर आहे. आणि तो हिशोब ज्यानं घातला त्याचाच हा सण."

बायका माना डोलवायला लागल्या. म्हातारी अंबूबाई तर डोळे पुसत होती. मास्तरनं दहा-बारा वर्षांत तिच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, आणि हा पठ्ठ्या पाच मिनिटांत आणून मोकळा. मास्तर उठला तो थेट उद्धवरावाच्या किराणा दुकानात गेला आणि पंचांग मागितलं.

"मास्तर, तुमी आन् पंचांग?" उद्धवराव हसला.

"बगायचंय जरा."

बघितलं आणि त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. होळीची पौर्णिमा एकोणीस मार्चला होऊन गेलेली, म्हणजे ती एकवीसच्या आधीची, धरायची नाही. पुढची चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती, अठरा एप्रिलला. वार रविवार. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास चंद्र पूर्ण भरतो. आणि ईस्टर कधी, तर त्याच अठराला. यशवंतरावाच्या स्वतःच्या नियमानं तो पंचवीसला हवा होता. सापडला लेकाचा, असं मास्तर मनात म्हणाला आणि ती शिदोरी पाच दिवस कुणाला न दाखवता सांभाळून ठेवली.

गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली. सगळे उपाशी, उन्हानं कावलेले, निघायच्या बेतात. तेव्हा मास्तरनं पिशवीतून पंचांग काढलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "आता ओव्हरसियर सायबांनीच सांगावं," तो म्हणाला. "चंद्र चुकला, का सायबांचं गणित?"

यशवंतराव भांडेल, निदान लाल तरी होईल, अशी त्याची फार इच्छा होती. यशवंतरावानं पंचांग हातात घेतलं, दोनदा वाचलं, बोटांवर काही मोजलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, मास्तर. मी हे पाहिलंच नव्हतं. मला उत्तर माहीत नाही."

मास्तर जिंकला. पण त्याला त्याची चव घ्यायला एक क्षणही मिळाला नाही, कारण अंबूबाई पुढं आली.

"मंग आमचा सण खोटा व्हय, मास्तर?"

"तसं न्हाई, बाई."

"तसंच की. परवा ईस्टर न्हाई, पुढच्या रईवारी हाय. मंग मी उपास सोडनार न्हाई. पंचवीसलाच सोडीन."

अंबूबाई सत्तरीच्या पुढची. चाळीस दिवस एक वेळ भाकरीवर काढून तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. मागं दौलतराव गवंडी बायकोला म्हणत होता, "ईस्टर कवा त्ये फादरास्नी ठावं नसंल, तर मंग ठावं कुणाला?" लोक दोन-दोन, तीन-तीन मिळून कुजबुजत घरी गेले. मास्तर पंचांग घेऊन शेडमध्ये एकटा राहिला. त्याला यशवंतरावाला पाडायचं होतं. ज्यावर यशवंतराव उभा होता त्यावर हे सगळेही उभे होते, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी तो अंबूबाईकडे गेला. ती पडून होती आणि पेजेला हात लावत नव्हती. तिथून तो तसाच पिंपरीला चालत गेला. यशवंतरावापुढं उभं राहून त्यानं कसंबसं म्हटलं, "तुमी उत्तर काढा. त्याबिगार म्हातारी जेवायची न्हाई." हे म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रात्रभर विचार करतोय," यशवंतराव म्हणाला. "कॉलेजात एक फादर एकोणीस वर्षांच्या कोष्टकाबद्दल काहीतरी सांगायचे. मी नीट ऐकलं नाही. जुनी पंचांगं मिळतील कुठं?"

उद्धवरावाकडे ती वडिलांच्या काळापासून बांधून ठेवलेली होती. दोघं गुळाच्या ढेपांमध्ये बसले. मास्तर वाचायचा, यशवंतराव लिहायचा. पस्तीस साल काढलं, चैत्री पौर्णिमा अठरा एप्रिल. एकोणीस वर्षांपूर्वी तीच तारीख. त्रेपन्न आणि चौतीस ताडून पाहिलं, कुठं एका दिवसाचा फरक, बाकी तेच. मास्तर एकामागून एक गठ्ठे सोडत गेला. चंद्र एवढा आभाळभर भटकतो, कलेकलेनं वाढतो आणि झिजतो, आणि एकोणीस वर्षांनी मुकाट्यानं आपल्या जागेवर येऊन उभा राहतो. मास्तर बोट ठेवून तीच तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तो जन्मभर देवाला सर्वशक्तिमान म्हणत आला होता. देव इतका नेमाचा असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"म्हणजे हेच ते कोष्टक," यशवंतराव सावकाश म्हणाला. "चर्च आभाळातला चंद्र पाहत नाही, या कोष्टकातला धरतं. पण का?"

त्यानं पंचांगातल्या वेळेवर बोट ठेवलं. रविवारी सव्वाअकरा. मग एकदम कागदावर आकडे मांडले. "मास्तर, चंद्र भरायचा क्षण साऱ्या जगाला एकच. पण आपल्याकडे तो रविवारी सकाळी, आणि अमेरिकेच्या पश्चिमेच्या टोकाला तेव्हा शनिवारची रात्र असते. जो तो आपल्या आभाळावर गेला तर त्यांचा ईस्टर उद्या आणि आपला आठ दिवसांनी. सगळ्यांचा एक दिवस यायचा तर सगळ्यांना एकच कोष्टक हवं."

हे मास्तरला सुचायला हवं होतं. पंचांग त्यानं आणलं, चूक त्यानं काढली, गठ्ठे त्यानं सोडले, आणि उत्तर या पोराच्या तोंडून निघालं. सगळं पटत असतानाच जुना सल पुन्हा वर आला.

रविवारी पहाटेच फादर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि सांगितलं की कोष्टकात यंदाची पौर्णिमा सतरा तारखेची, शनिवारची आहे. "लोकांना समजावून सांग," ते यशवंतरावाला म्हणाले.

"मास्तर सांगतील," यशवंतराव म्हणाला. "शोध त्यांचा आहे."

यापेक्षा त्यानं कानफटात मारली असती तर बरं, असं मास्तरला वाटलं. तो लोकांपुढं उभा राहिला आणि सांगितलं. गुळाच्या ढेपांपासून अमेरिकेच्या रात्रीपर्यंत सगळं सांगितलं. अंबूबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी साऱ्या दुनियेनं येकदम जेवावं म्हणून?"

"व्हय, बाई."

"मंग जेवते."

मिस्सेच्या आधी मास्तर पापनिवेदनाला फादरांजवळ गुडघे टेकून बसला. "फादर, मला त्या पोराचा हेवा वाटतो. त्याला पाडायसाठी मी प्रभूचा उठायचा दिवसच खोटा पाडला. पडला असता तर मला आनंद झाला असता. असल्या माणसाच्या हाती लेकरं देऊ नका. वर्ग त्याला द्या."

फादरांनी पापक्षमा दिली. पापनिवेदनात ऐकलेल्यावर बाहेरचं काही ठरवायचं नसतं, म्हणून वर्ग कोणाचा, यावर ते तिथं काही बोलले नाहीत. मिस्सा संपल्यावर मास्तरनं तेच पुन्हा, सगळ्यांदेखत, उघड सांगितलं, तेव्हा त्यांनी होकाराची मान हलवली.

पुढच्या रविवारी पोरं यशवंतरावाभोवती गोळा झाली. मास्तर दाराकडे निघाला, तर यशवंतराव म्हणाला, "मास्तर, बसा की. माझं चुकलं तर सांगायला कुणीतरी हवं." मास्तर शेवटच्या ओळीत पोरांच्या मागं मांडी घालून बसला. आणि त्या दिवशी त्यानं दोन चुका काढल्या, त्यातली एक खरी होती.

मग तो तिथंच बसत राहिला. कारखाना उभा राहिला, शेडला भिंती आल्या, समोरची पोरं मोठी होऊन पाळीला जायला लागली, तरी शेवटच्या ओळीतली त्याची जागा सुटली नाही. एकदा सुभद्राबाईनं विचारलं, "त्या यशवंतरावाचा आता हेवा न्हाई ना वाटत?"

"रोज वाटतो," मास्तर म्हणाला. "म्हणून तर एक रईवार चुकवत न्हाई."