न आलेला अर्धा धवला

ओल्या हळदीचा वास आला की मला द्रोणागिरीजवळच्या आमच्या गावातला तो मांडव आठवतो. चुलतबहिणीची हळद होती आणि लग्नविधीची गाणी, म्हणजे धवले, येणारी गावातली शेवटची म्हातारी गात होती. मी लिनक्सच्या लॅपटॉपला माइक लावून रेकॉर्डिंग चालू केलं, पण स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाटच राहिली. धवला मध्येच थांबवता येत नाही. मी वायर काढून पुन्हा घातली, सेटिंगमध्ये साउंड कार्ड बदलून पाहिलं, तरी रेघ हलेना. घामाने बोटं कीबोर्डवरून घसरत होती. शेवटी आज्ञा टाइप करायची टर्मिनलची खिडकी उघडून आवाजाचा मिक्सर पाहिला, तर माइकचा आवाज आत घेणारं कॅप्चरच बंद होतं. स्पेसबार दाबून ते चालू केलं आणि रेघ उसळली, पण तोवर अर्धा धवला होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी धीर करून तिला सांगितलं, "आजी, पहिला अर्धा आलाच नाही." ती हसली. "बरा झाला. त्या डब्यात सगला आला असता, तं तू माझ्याकडं कशाला आली असतीस?" मग चार रविवार तिच्या ओट्यावर बसून मी तो भाग शिकले. आता ती नाही. गावात हळद असली की बायका मलाच बोलावतात, आणि पहिली ओळ मी तिने ओट्यावर शिकवली तशीच उचलते.