तोच पासवर्ड, पुन्हा एकदा

माझ्या बायकोचं नाव कुठेही छापून येत नाही. दिवसभर ती छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढते आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या. उरलेल्या वेळात, एक पैसाही न घेता, फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना पडद्यावर ज्या सूचना येतात, त्या मराठीत लिहिते.

तिची पद्धत अजब आहे. माझी आई शिलाई मशीनवर बसली की ही शेजारी बसून एकेक वाक्य वाचणार. मशीन चालू राहिलं तर वाक्य पास. मशीन थांबवून आईने चष्म्यावरून पाहिलं की नापास, मग ते कितीही शुद्ध असो.

पासवर्डचं पान मात्र या पद्धतीच्या आधीचं. गिऱ्हाइकांची मापं ठेवायला आईला कॉम्प्युटर हवा होता आणि सिस्टिम तिला स्वतःच बसवायची होती. तिने पासवर्ड दिला. पडद्यावर आलं, 'पडताळणीकरिता संकेतशब्द पुनश्च प्रविष्ट करा.' आईने विचार करून दुसराच दिला. जुळेना. मग तिसरा, चौथा.

"परत विचारतात म्हणजे आधीचा पसंत पडला नाही ना त्यांना?" आई उठलीच. "राहू दे गं. माझी वहीच बरी."

बायकोचा चेहरा पडला. वाक्य तिचंच होतं. बदल करायची मुदत शनिवारी संपणार होती, नंतर दोन वर्षं तेच वाक्य राहणार. तिने रात्रीचं जेवण माझ्यावर सोपवलं आणि लिहिलं, 'तोच पासवर्ड पुन्हा लिहा. पहिला चुकला म्हणून नव्हे. लिहिताना अक्षरे दिसत नाहीत, म्हणून खात्री करायची आहे.' खाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याबद्दल: 'या खात्यातून कॉम्प्युटरमधले काहीही बदलता किंवा पुसता येते. याचा पासवर्ड कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही.'

या सूचना मराठीत आणणाऱ्या गटाचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक. त्यांनी कळवलं, "फारच घरगुती वाटतं. जुनंच ठेवू."

"सोड ना आता," मी म्हणालो.

"सोडू? आईंनी परत वही उघडली ती माझ्यामुळे!" तिने थेट त्यांना फोन लावला. "सर, जुनं पान घरात कुणालातरी भरायला द्या. मग सांगा."

शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. "आमच्या हिनेही दुसराच पासवर्ड दिला हो. तुमचंच घेतलंय."

नवी आवृत्ती आली तेव्हा आई खोलीचं दार लावून एकटी बसली. आम्ही दोघं बाहेर. बायको नखं खात होती. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "झालं गं! एका फटक्यात!" बायकोने डोळे पुसले आणि खरं सांगतो, माझी छाती अशी फुगली की जणू मीच लिहिलं होतं.

मी आत जाऊन विचारलं, "आई, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड काय ठेवलास?"

"सांगायचा नाही असं लिहिलंय."

"अगं, मी मुलगा आहे तुझा!"

"असशील," आई मशीनकडे वळत म्हणाली. "पण लिहिलंय माझ्या सुनेनं."