गयामावशींचं ऊन

गयामावशी सकाळी माळावर आल्या की आधी खडकावर हात टेकवायच्या. तळहात नव्हे, हाताची उलटी बाजू. तळहाताला कोयत्याचे घट्टे पडलेले, त्याला ऊन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. क्षणभर तशाच वाकून राहायच्या आणि मग मागे टोपल्या घेऊन थांबलेल्या बायांना सांगायच्या, आज सांडगे घाला, किंवा आज नगं, दुपारून आभाळ येतंय. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अशाच वाकलेल्या होत्या, आणि मी त्याच खडकाच्या कडेला माझं ऊन मोजायचं यंत्र उभं करत होतो.

चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. गावाच्या गायरानात सौरऊर्जेचा प्रकल्प होऊ शकेल का, हे पाहायला कंपनीने मला पाठवलं होतं. वर्षभर तिथलं ऊन मोजायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा. दर पंधरा दिवसांनी मी बीडहून मोटारसायकलवर जायचो. यंत्राच्या डोक्यावर वाटीएवढी काचेची घुमटी होती. तिच्यावर धूळ बसली की आकडे चुकायचे. हे मी बोलता बोलता मावशींना सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्या पदराच्या टोकाने ती काच रोज पुसायला लागल्या. मला ते महिनाभराने, त्यांच्या सुनेकडून कळलं.

मावशींची तरणी वर्षं सगळी ऊसतोडीत गेलेली. गुडघे गेले तेव्हा त्या गावात राहिल्या आणि मुलगा-सून टोळीबरोबर जायला लागले. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं ते गुढीपाडव्याच्या सुमारास परततं. त्याआधी, आश्विनात, माळावरचा तो लांबरुंद सपाट खडक सांडगे, खारोड्या, गवार, भेंडी, अंबाडी यांनी झाकून जायचा. प्रत्येक घराचं गाठोडं वेगळं, आणि कुणाचं वाळलं, कुणाचं राहिलं, हे मावशींच्या डोक्यात. "फडावर बाई दिवसभर उसात असती," त्या म्हणायच्या, "तिला भाजी निवडायला येळ कुठला? मूठभर सांडगे टाकले की कालवण व्हतंय."

उन्हाबद्दल त्या बोलायला लागल्या की मी वही काढायचो. चैत्र-वैशाखातलं ऊन लई, पर धुळकट. आश्विनातलं ऊन धुतलेलं असतंय. श्रावणातल्या उन्हाला पाव्हणा समजायचं, आलं तर आलं. माझं यंत्र महिनोन्महिने तेच सांगत होतं. पौषात एकदा गेलो तर त्यांनी बोरं वाळत घातलेली खाट दोन पायांखाली दगड देऊन दक्षिणेकडे कलती केलेली. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, थंडीतला सूर्य खालून चालतो, खाट आडवी ठेवली तर ऊन नुसतं वरून घसरून जातं, आपणच त्याच्याकडे तोंड करायचं. मी त्या दगडांची उंची मोजली. सौर पॅनेल ऋतूप्रमाणे कलते करावे, ही शिफारस मी अहवालात सविस्तर लिहिली ती त्या खाटेकडे बघून. साहेबांनी तिचं कौतुक केलं. मी मावशींचं नाव घेतलं नाही.

पण मला टोचतं ते हे नाही.

वर्ष संपलं तेव्हा शेवटचा एक अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता, जमिनीचा सध्याचा वापर. मी मावशींच्या ओट्यावर बसून तो भरत होतो. साहेबांना फोन करून सांगितलं की खडकावर गावातल्या बाया वाळवण घालतात, तसं लिहितो. ते म्हणाले, असं लिहिलंस तर फाईल वर्षभर हलायची नाही, वाळवण काय कुठेही घालता येतं. मी वाद घातला नाही. मावशींनी ताट आणून समोर ठेवलं होतं, भाकरी आणि सांडग्यांचं कालवण. मी ताट थोडं सरकवलं आणि लिहिलं, "पडीक, वापर नाही."

मावशींना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं, दादा?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या गावात ऊन चांगलं आहे, असं लिहिलं."

त्या समाधानाने हसल्या आणि आणखी एक भाकरी घ्यायचा आग्रह करायला लागल्या. मी घेतली.

पुढच्या भाद्रपदात माळाला तारेचं कुंपण पडलं. आश्विनात बाया टोपल्या घेऊन गेल्या तर रखवालदाराने त्यांना परत पाठवलं. कुणी रस्त्याच्या कडेला वाळत घातलं, कुणी घरावरच्या पत्र्यांवर. रस्त्यावरच्या वाळवणात माती गेली. गावाचं वाळवण दरवर्षी सांभाळणाऱ्या मावशी स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. गेलेल्या गुडघ्यांनिशी त्या शिडी लावून पत्र्यावर चढल्या आणि उतरताना पडल्या. खुबा मोडला. त्या वर्षी सून सुनंदा टोळीबरोबर गेली नाही, सासूपाशी राहिली.

मला हे मार्गशीर्षात कळलं, दुसऱ्याच कामाने चौसाळ्याला गेलो होतो तेव्हा. गाडी वळवून गावात गेलो. मावशी खाटेवर होत्या, खूप लहान दिसत होत्या. मला पाहून त्यांनी सुनंदाला चहा ठेवायला सांगितलं. प्रकल्पामुळे आता शेताला दिवसा लाईट मिळते, रात्रीचं पाणी धरायला जावं लागत नाही, ते लई बरं झालं, असं त्याच सांगत राहिल्या. मी म्हणालो, "मावशी, तो माळ..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कावून जिवाला लावून घेताव? तुमाला काय म्हाईत, आमी तितं काय करतो ते. दिसलं न्हाई, न्हाई लिवलं."

मला सगळं दिसलं होतं. वर्षभर मी त्या खडकावरून, सांडग्यांच्या रांगा चुकवत चाललो होतो. ते मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. चहा पिऊन, पुन्हा येतो म्हणून मी निघालो.

माघात त्या गेल्या. दहाव्याला मी गेलो, आणि सगळे पांगल्यावर सुनंदाला गाठलं. अर्जात काय लिहिलं होतं, कुठे बसून लिहिलं होतं, सगळं तिला सांगितलं. म्हणालो, मावशींना हे कळायला हवं होतं, मी भ्यालो.

सुनंदाने पदर सारखा केला.

"त्यांना ठावं होतं," ती म्हणाली. "कुंपण पडायच्या आदी तो कागद पंचायतीच्या फळ्यावर लागलता. मीच वाचून दावला. खाली तुमची सही व्हती."

"मग काहीच म्हणाल्या नाहीत?"

"म्हणल्या, बोलू नगं त्याला. आपल्या ताटात जेवलंय ते."