सागाच्या पानावरची सिद्धता

सागाचं कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात आणि मला शहापूरच्या शाळेतलं एक गणित आठवतं. अ वर्ग अधिक ब वर्ग बरोबर सात अब, यावरून लॉगचं सूत्र सिद्ध करायचं होतं आणि मला ते काही सुटेना. माझा सोबती गावाबाहेरच्या पाड्यावरून येई. वही नसल्याने सागाच्या पानावर काट्याने गणितं करी, आकडे लाल उमटत. "दोनी बाजूंना दोन अब मिळव रे, डावीकडं पूर्ण वर्ग होतं, उजवीकडं नऊ अब. मंग लॉग घे, झालं!" असं म्हणत त्याने पान मला दिलं. मी ते वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोघांना फळ्यापाशी उभं केलं. दोघांनी तेच गणित सोडवलं, रीत एकच निघाली. "वही याच्याकडे, मग डोकं तुझं कसं रे?" मास्तरांनी त्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. पान माझ्या दप्तरात होतं, तरी मी गप्प बसलो. चोरीचा ठपका येऊन त्याची फीमाफी गेली, आणि तिच्यामागे शाळाही. मी पुढे तीस वर्षं मुरबाडला गणित शिकवलं, दरवर्षी हेच उदाहरण फळ्यावर सोडवलं, पोरं वाहवा करत. आता थकलोय. ती रीत त्याची होती. चोरी मी केली होती.