कडकबाईंचा गारवा

कडकबाईंना हे नाव गिऱ्हाइकांनी दिलं. ते इस्त्रीवरून दिलं की स्वभावावरून, यावर गल्लीत दोन पक्ष होते. बाईंनी दोन्ही पक्षांचे कपडे सारख्याच घडीत परत केले.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. पुढे टेबल, मागे गठ्ठे, डोक्यावर पत्रा. इस्त्री हे हाताचं काम वाटतं. ते खांद्याचं काम आहे, आणि दिवसभर उभ्यानं करायचं म्हणून टाचांचंही. उन्हाळ्यात पत्रा वरून भाजायचा आणि इस्त्री खालून. बाईंच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शिकत होते तेव्हाचे." एखादा डाग ताजा दिसला तर म्हणायच्या, "अजून शिकतेय."

मग एक दिवस खांदा वर जाईना. बाईंनी दुकानाची फळी लावली, गिऱ्हाइकांचा शेवटचा गठ्ठा पोचता केला आणि खोलीच्या भिंतीवर एसी बसवून घेतला.

त्यांचा धाकटा भाऊ धावत आला. "ताई, या वयात एसी? हाडं धरतील तुझी."

"हाडं माझी आहेत. जन्मभर शेकलीत. आता जरा निवू देत."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचे शर्ट मी इस्त्री केलेत. त्यांच्या कॉलरी कशा असतात ते मला माहीत आहे."

लोक म्हणायचं ते म्हणालेच. इस्त्रीवालीला बघा कशी थंड हवा लागते, हे जिन्यात बाईंच्या कानावर आलं. दार उघडून चार शब्द सुनावावेत असं फार मनात होतं. पण दार उघडलं की गार हवा बाहेर जाते. म्हणून त्यांनी बंद दाराआडूनच सुनावलं, जरा मोठ्यानं.

बसवणारा मेकॅनिक पोरगेला असला तरी कामाचा पक्का होता. त्यानं पुढचं झाकण उघडून आतली जाळी काढून दाखवली. "मावशी, हिच्यावर धूळ बसते. दर पंधरवड्याला साध्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची, पूर्ण कोरडी झाली की परत लावायची. एवढं केलंत तर मशीन तुम्हाला त्रास देणार नाही."

बाईंनी जाळी उजेडात धरली. आयुष्यभर कापडाचा पोत पाहिलेली नजर ती. "यातून तर मोहरी जाईल. धूळ कसली अडतेय?"

"अडते, मावशी. तेवढी पुरते."

पुरते हा शब्द बाईंना आवडत नसे. पुरेशी इस्त्री म्हणजे अर्धी इस्त्री. मेकॅनिकची पाठ वळल्यावर त्यांनी जुन्या मलमलीचा तुकडा जाळीच्या मापाचा कापला, कडा दुमडून शिवल्या, धुतला, त्याला खळ दिली आणि अशी कडक इस्त्री फिरवली की तुकडा पत्र्यासारखा उभा राहावा. तो जाळीवर बसवला. सुरकुती नाही, झोळ नाही. झाकण लावताना त्यांना फार बरं वाटलं. कंपनीनं सोडलेलं काम आपण पुरं केलं, असं.

बाईंच्या बरोब्बर खाली घड्याळजी राहायचे. खिडकीशी टेबल मांडून घरीच घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावलेला हा माणूस शिंकसुद्धा तोंड फिरवून द्यायचा, पुढ्यातली चाकं उडू नयेत म्हणून. एका संध्याकाळी ते तळहातावर उघडं घड्याळ घेऊन वर आले. दार उघडल्याबरोबर त्यांनी हात पुढे केला.

"बाई, हे काय आहे?"

"घड्याळ."

"आणि घड्याळात?"

बाईंनी वाकून पाहिलं. "पाणी. वेळ वाहून जातो म्हणतात, ते खरंच म्हणायचं."

घड्याळजी हसले नाहीत. त्यांनी आत येऊन भिंतीकडे बोट दाखवलं. एसीच्या खालून पाण्याचा ओघळ उतरला होता, फरशीच्या कडेला जमला होता, आणि तिथल्या फटीतून त्यांच्या छतात गेला होता. दुसऱ्याच्या कामावर आपलं पाणी पडावं, ही गोष्ट त्यांना चटक्यापेक्षा झोंबली.

त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. तो येणार म्हणून खोली झाडली, जाळी धुतली. मलमलीचं कापड काढून धुवायला टाकलं. पाहुणा येणार तर उशीचा अभ्रा बदलतात, तसं. ते कापड वाळेपर्यंत मेकॅनिक येऊन गेलासुद्धा.

त्यानं मशीन चालू केलं, गेज लावून गॅस तपासला, पाणी बाहेर नेणारी नळी फुंकून पाहिली. बाहेरच्या डब्यावरची धूळ ब्रशानं झाडली. सगळं ठाकठीक.

"मावशी, याला काही झालेलं नाही."

"माझ्यापुढे रडतं आणि तुझ्यापुढे नव्या नवरीसारखं गप्प?"

मेकॅनिक हसला, पण टाळून गेला नाही. "पाणी कधी पडतं? चालू असताना की बंद केल्यावर?"

बाईंनी आठवून पाहिलं. "बंद केल्यावर. जरा वेळानं."

"मग आत बर्फ धरत असणार. बंद केलं की वितळतो, आणि एवढं पाणी खालच्या पन्हाळीत मावत नाही."

"पण मुळात पाणी येतं कुठून? मी तर घातलेलं नाही."

"खोलीच्या हवेत ओलावा असतो. आतल्या गार कॉइलवर तो पाणी होऊन बसतो आणि नळीनं बाहेर जातो."

बाई म्हणाल्या, "म्हणजे माझी इस्त्री पाण्याची वाफ करायची. हे वाफेचं पाणी करतं. उलटी इस्त्री."

"अगदी तसंच. आणि कॉइलवरून हवा वाहती राहिली पाहिजे. गॅस कमी झाला किंवा हवा अडली, की तेच पाणी गोठतं. गॅस तर बरोबर आहे. जाळी तुमची आरशासारखी आहे." त्यानं मान हलवली. "लक्ष ठेवा."

तो गेला. कापड वाळलं होतं. बाईंनी त्याला पुन्हा खळ दिली, इस्त्री केली, जाळीवर बसवलं.

दोन दिवसांनी घड्याळजींच्या टेबलावर पुन्हा पाणी पडलं.

या वेळी ते बाईंकडे आले नाहीत. त्यांनी बाईंच्या भावाला बोलावलं. दोघांचं जिन्यात बोलणं झालं, आणि भाऊ तयार निर्णय घेऊन वर आला.

"ताई, घड्याळजी घरमालकाकडे जाणार आहेत. यंत्रापायी खोली जाईल तुझी. त्यापेक्षा ते मी घेऊन जातो. नाहीतरी आमची वरची खोली फार तापते."

"असं होय! माझ्याकडे गळतं आणि तुझ्याकडे गळणार नाही? तुझ्या भिंतीला लाजतं की काय ते?"

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"भल्याचं सांगणारा हात हलवत येतो. तू माप घ्यायची टेप घेऊन आलायस."

टेप खरंच खिशातून डोकावत होती. भावानं ती आत ढकलली. घड्याळजी दारात उभे होते. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"घड्याळजी, तुमचं नुकसान झालं, ते माझ्या खोलीतून झालं. मी नाकारत नाही. रविवारपर्यंत गळती थांबली नाही, तर यंत्र मी स्वतः उतरवून याच्या हवाली करीन. पण रविवारच्या आत कुणी त्याला हात लावायचा नाही."

"आणि बाई, तुम्ही काय करणार? तुम्ही काही मेकॅनिक नाही."

"नाही. पण राहते मी त्याच्याबरोबर."

बाईंनी शब्द दिला आणि दार लावलं. मग त्या खाली बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खोलीत असताना घाम येत नव्हता, आणि तीच गोष्ट आता जाणार होती. पुन्हा तो पत्रा आठवला. त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मशीन लावलं आणि समोर स्टूल घेतलं. इस्त्री किती तापली हे त्या कधी पाणी शिंपडून बघत नसत. गालाजवळ धरत. गाल खोटं सांगत नाही. त्या स्टुलावर चढल्या, भिंतीला हात टेकला आणि गाल हवेच्या तोंडाशी नेला.

हवा गार होती. पण लुळी होती. मेकॅनिक आला होता तेव्हा इथं उभ्यानं त्यांच्या कपाळावरचे केस उडाले होते. आज एक केस हलत नव्हता.

त्या दिवशी काय वेगळं होतं? तीच जाळी. तेच मशीन. कापड तेवढं दोरीवर होतं.

बाई स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. मग मशीन बंद केलं, झाकण वर केलं आणि ते कापड ओढून काढलं. मागे कॉइलवर पांढरा बर्फ चढला होता. त्यांनी कापड तोंडासमोर धरलं आणि फुंकर मारली. फुंकर आपल्याच तोंडावर परत आली. मलमल एकटी असती तर श्वास घेत राहिली असती. खळ पिऊन, इस्त्री खाऊन ती दार झाली होती. आणि हे दार त्यांनी स्वतःच्या हातानं, मन लावून बनवलं होतं.

"बरंय," बाई त्या कापडाला म्हणाल्या. "माझंच काम माझ्या वाटेत."

बर्फ वितळेपर्यंत त्या खाली बादली आणि फडकी घेऊन बसून राहिल्या. एक थेंब खाली जाऊ दिला नाही.

रविवारी दुपारी भाऊ हमाल घेऊन आला. घड्याळजीही वर आले. बाईंनी मधल्या दोरीवर ते कापड चिमटे लावून वाळत घातल्यासारखं टांगलं होतं.

"हे काय?" भावानं विचारलं.

"गुन्हेगार." बाईंनी सगळं सांगितलं. कापड कुठून आलं, कुणी बसवलं, मेकॅनिकला ते का दिसलं नाही. एक शब्द मऊ केला नाही.

भावाला आनंद लपवता येईना. "म्हणजे चूक तुझीच! म्हणतात ना, अति तिथं माती."

"माती नाही, बर्फ. आणि हो, माझीच. पण चूक मी करायची आणि घरातून यंत्रानं जायचं, हा कुठला न्याय? आजवर किती शर्ट जाळले मी, कुणी इस्त्री उचलून नेली नाही."

"बोलून काय उपयोग?" घड्याळजी म्हणाले. "माझं टेबल खाली आहे."

"तेच म्हणते. तुम्ही खाली जा. एक घड्याळ उघडून त्याच जागी ठेवा. मी मशीन लावते. दुपारभर चालवून बंद करीन. पाणी बंद केल्यावर पडायचं, तेव्हा त्यानंतरही बसून राहा. थेंब पडला तर हाक मारा. हमाल तयारच आहे."

घड्याळजींनी त्यांच्याकडे भिंगातून बघावं तसं बघितलं. "घड्याळ माझं नाही, गिऱ्हाइकाचं आहे."

"म्हणून तर म्हणते. परक्याचं घड्याळ ठेवायचा धीर झाला, तरच माझ्यावर विश्वास म्हणायचा."

"वेडं समजता का मला? माझंच ठेवीन," घड्याळजी म्हणाले आणि जिना उतरले.

मशीन लागलं. हवा सरळ आली आणि दोरीवरचं कापड फडफडायला लागलं. खिडकीबाहेर नळीच्या तोंडाशी बाईंनी बादली टांगली होती. तिच्यात थेंब पडायला लागले, आधी सुटे, मग भराभर. भिंत कोरडी होती. भाऊ आधी येरझाऱ्या घालत होता. मग बसला. मग पाय वर घेतले.

"ताई, पांघरूण आहे का गं?"

"हाडं धरली का?"

हमाल कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "बाई, न्यायचं नसेल तरी लगेच सांगू नका. मी अजून जरा बसतो."

ऊन कलल्यावर बाईंनी मशीन बंद केलं. भाऊ भिंतीकडे बघत होता, बाई फरशीच्या फटीकडे. बाईंनी गुडघे टेकून फटीवरून बोट फिरवलं. कोरडं. पुन्हा फिरवलं. कोरडंच.

जिन्यात पावलं वाजली. घड्याळजी दारात आले. त्यांनी हात पुढे करून तळहातावरचं घड्याळ दाखवलं. ते कोरडं होतं आणि चालू होतं.

"बाई, किती वाजले ते बघा," ते म्हणाले.

"मला कळतं. माझी वेळ आली ते." बाई उठल्या. हमालाच्या हातावर त्यांनी त्याची मजुरी ठेवली. "ओझं उचललं नाहीस, पण आलास. आणि तू," त्या भावाला म्हणाल्या, "आता आलायसच, तर शिडी धर."

"कसली शिडी?"

"घड्याळजींच्या छतावर डाग पडलाय. रंग मी आणून ठेवलाय."

घड्याळजी गडबडले. "अहो, राहू दे. डाग काय, दिसतही नाही. वयाचं तरी बघा, खांदा दुखतो ना तुमचा?"

"उजवा दुखतो. रंग मी डाव्यानं लावीन. डाग ठेवून कपडा परत केला नाही मी कधी, छत तसंच कसं सोडू?"

आणि त्यांनी डाव्या हातानं रंग लावला. भावानं शिडी धरली, आणि रंगाचे दोन थेंब त्याच्या शर्टावर पडले तेव्हा बाई वरून म्हणाल्या, "ठेवून जा तो शर्ट. धुवून देते."

तो शर्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी धुतला, आणि घड्याळजींचाही एक मागून आणला. इस्त्रीत पाणी भरलं ते एसीच्या नळीखालच्या बादलीतलं. नळाच्या पाण्यानं इस्त्रीत क्षार धरतो, या हवेतल्या पाण्यानं धरत नाही. घड्याळजींचा शर्ट त्यांनी परीटघडी करून खाली नेऊन दिला.

"काय कडक केलाय हो!" घड्याळजी कॉलर चाचपत म्हणाले.

"तुमच्या टेबलावर पडायचं तेच पाणी आहे," कडकबाई म्हणाल्या. "फक्त आता ते माझं ऐकतं."

वर जाऊन त्यांनी जाळी धुतली आणि सावलीत वाळत ठेवली. तिच्यावर काही घातलं नाही. मोहरी जाते तर जाऊ दे.