आत्याचं नेल आणि माझा जंबूर

आता सांगतो खरं, पण चहा आधी संपवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

नाशिक रोडला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. उभा जन्म खिळे आणि स्क्रू विकण्यात गेला. आणि माझी अब्रू कशापायी गेली? खिळ्यापायीच!

झालं असं, सायखेड्याची माझी आत्या नातीच्या लग्नात नाचताना पडली. हो, नाचताना! पोरींनी तिला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत नटवलं होतं, त्यात डीजे लागला, मग काय विचारता! गेली गिरकी घ्यायला आणि खुब्याचं हाड मोडून बसली.

माझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात आणली. डॉक्टर म्हणाले, "हाडाच्या आत लांब नेल घालू, वरून स्क्रू लावून घट्ट करू. लवकर केलं तर आजी पुन्हा चालतील. नाहीतर अंथरुणावरच राहतील."

आत्या भडकलीच. "खिळा ठोकाया मी काय दाराची चौकट हाय? नाय करायचं मला आपरेशन!"

तिचा मुलगा दत्तू हात जोडून थकला. शेवटी मी पुढे झालो. "आत्या, हा आपला धंदा आहे. नेल आणि स्क्रूनं बसवलेली वस्तू हलत नाही. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तू म्हणतोस म्हणून हो म्हणते, बापू," आत्या म्हणाली. माझी कॉलर ताठ!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. दत्तू तिच्यापाशी होता, मी दुकानात. गिऱ्हाइकाचा पाईप कापायचं मशीन घर्रर्र चालू, आणि नेमका सिस्टरचा फोन; फॉर्मवर नंबर माझाच होता.

"काका, आजींचं नेल… घर्रर्र… काढायचं राहिलंय! आमच्याकडचं रिमूव्हर संपलंय, घेऊन या लवकर!"

"अहो, नेल तर घालायचंय ना?"

"घालायच्या आधी हे काढावंच लागतं!"

"किती आहेत?"

"सगळंच काढायचं काका! नाहीतर ऑपरेशन पुढे जाईल!" आणि फोन बंद.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे आत्याच्या अंगात आधीचेच खिळे आहेत? दत्तूला फोन लावला. "दत्तू, आत्याला कधी खिळा लागला होता का रे?"

"लागलाता ना दादा! गोठ्यात, पायात. मी ल्हान होतो तवा."

"काढला होता का?"

"आई म्हणते काढला. पण बघितला कोणी?"

झालं! तोच खिळा पायातून चढत चढत खुब्यापर्यंत गेला असणार! हसताय काय? तुमची आत्या असती तर तुम्हालाही हेच सुचलं असतं.

आता खिळे काढायचं रिमूव्हर म्हणजे आमच्या भाषेत जंबूर, खिळे उपटायची लोखंडी पक्कड. हॉस्पिटलवाले औषधं, इंजेक्शनं सगळं आपल्यालाच आणायला लावतात, मग जंबूर का नाही? दुकानातला सगळ्यात भारी, नवाकोरा उचलला. घरी गेलो. बायको लग्नाला गेलेली, अजून सायखेड्यालाच होती, म्हणून निभावलं. दुधाच्या पातेल्यात जंबूर खळखळ उकळला, स्वच्छ टॉवेलात गुंडाळला आणि निघालो. चेहरा असा, की मीच ऑपरेशन करणार आहे.

आत्याला स्ट्रेचरवर घेतलं होतं. "बापू, टावेलात काय हे?"

"काही नाही आत्या, आधीचे खिळे उपटायचेत…" आणि तेवढ्यात टॉवेल घसरला.

अहो, आत्यानं जी किंकाळी फोडली! "मला मारत्यात रे! दत्त्या, गाडी काढ! घरी ने मला!"

सिस्टर धावत आल्या. "काका, हे काय?"

"रिमूव्हर. उकळून आणलाय."

सिस्टरांनी जंबुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत्याचे दोन्ही हात वर केले. दहाही नखं लालभडक!

"नेलपॉलिश, काका! नेलपॉलिश रिमूव्हर! बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावतो ना, ती रंगावरून नीट आकडा दाखवत नाही!"

अख्खा वॉर्ड हसत होता. डॉक्टर तर भिंतीला टेकून उभे. पण माझा जीव टांगणीला लागला होता. मोठ्या मुश्किलीनं तयार केलेली आत्या, ती आता माझ्याच पायी घरी गेली आणि अंथरुणाला खिळली तर? रडूच यायचं बाकी होतं मला. हात जोडले, "आत्या, चुकलं माझं! पण नाही म्हणू नकोस!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "करा आपरेशन. पण ह्याला आधी भायेर काढा, मग मला आत न्या!"

दत्तूनं समोरच्या दुकानातून रिमूव्हरची बाटली आणली. ऑपरेशन छान झालं. आधी वॉकर, मग काठी, आणि आता काठीही दारामागे असते.

परवा आत्या आमच्याकडे आली होती. माझ्या मुलीनं नेलपॉलिशची बाटली उघडली, आत्यानं हौसेनं हात पुढे केला. तेवढ्यात मी दुकानातून आत आलो.

दोन्ही हात झटकन पदराखाली!

"ऱ्हाऊ दे गं बाई," आत्या म्हणाली. "तुझा बाप घरात हाय तवर नको. मागच्या टायमाला माझी नखं वाचली, ती त्या सिस्टरच्या पुण्याईनं!"