चिलटांविरुद्ध आणि चिलटांच्या बाजूने

सुरतेच्या प्लेगची धास्ती अद्याप ओसरली नव्हती. अशा दिवसांत प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाई नगरपालिकेची नोटीस घेऊन कराडच्या कचेरीसमोरील माझ्या टेबलापाशी आल्या. ज्यांच्या तक्रारीवरून नोटीस निघाली ते त्यांचे घरमालक, निवृत्त सुभेदार, हयातीच्या दाखल्यासाठी तेव्हा माझ्याच बाकावर बसले होते. तक्रारही त्याच सकाळी मीच लिहिली होती. सातवीनंतर मी केवळ स्वाध्यायाने भाषा कमावली असून, अर्जनवीस या नात्याने उभय पक्ष माझ्याकडेच येतात.

सुभेदारांचे म्हणणे एवढेच होते, की बाईंच्या खोलीतील चिलटे आमच्या केळ्यांवर बसतात. बाईंना समज द्यावी. एवढ्याने कोणताही साहेब खुर्चीतून उठत नाही. म्हणून मी 'रोगवाहक मक्षिकांचे गुप्त पैदासकेंद्र' असे शब्द योजले. परिणाम तत्काळ झाला. त्याच दुपारी औषधफवारणी ठरली.

"फवारलं की माझं दोन वर्षांचं काम संपलं," बाई म्हणाल्या.

खुलाशासाठी मी मुद्दे विचारले. त्या काचेच्या बाटल्यांत चिलटे वाढवीत. काहींना नेहमीचे खाणे, काहींना त्यात शेंगदाण्याचे पीठ. पुढे सर्वांना जंतूंची सुई टोचायची आणि कोण तगते ते पाहायचे. काही माणसांना शेंगदाणा सोसत नाही, त्याला ॲलर्जी म्हणतात. शरीरात पहारे दोन. एक जन्मजात, परका दिसला की अडवणारा. दुसरा अनुभवाने शत्रू ओळखणारा. ॲलर्जीत दुसरा निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजतो. पहिल्यावर काय परिणाम होतो, हे बाईंना पाहायचे होते. चिलटाला फक्त पहिला पहारा असतो, म्हणून तो निराळा तपासता येतो.

"म्हंजे गेटावरचा संत्री," सुभेदार बोलले. मग म्हणाले, "आवं बाई, कूट घातलेली भाजी खाल्ली की आमच्या सुनंचं व्हट सुजत्यात. आमाला वाटायचं, नाटकं करती."

"नाटक नाही ते. पुन्हा खाल्लं तर एखाद्या वेळी श्वास अडकेल."

"आज चतुर्थी. घरी दाण्याची आमटी हाय," एवढे बोलून ते दाखला तसाच टाकून निघाले.

चिलटांना 'परोपकारी' ठरवणारा दोन पानी खुलासा मी सिद्ध केला आणि बाईंसह सुभेदारांच्या घरी गेलो. पाठीवर पंप घेतलेला माणूस अंगणात खोळंबला होता. सुभेदार बाईंच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. सोप्यात सून केळे खात होती. आमटी गोठ्यात गेली होती.

फवारणीसाठी आलेल्या आरोग्य निरीक्षकांनी माझे दोन्ही कागद शेजारी धरले. "सकाळी रोगवाहक, दुपारी परोपकारी. अक्षर मात्र एकच?"

"साहेब, मत पक्षकाराचे असते, अक्षर माझे," मी नम्रपणे निवेदन केले.

"दोन्ही फाडा," सुभेदार म्हणाले. "लिवा, चिलटं आमच्या घरातली हायती. तक्रार न्हाई."

आयुष्यात इतका अलंकारशून्य अर्ज मी लिहिलेला नाही. तो मात्र जागीच मंजूर झाला आणि पंप परत गेला.

यावरून पक्षकारांना माझी सूचना एवढीच, की माझा अर्ज परिणामकारक असतो. परिणाम कोणावर व्हावा, हे घरूनच ठरवून यावे.